नसरीनच्या टीव्हीतली नावं

टीव्हीचं मागचं झाकण उघडल्यावर आत काय काय सापडतं हे सांगत बसलो तर हा अख्खा अंक मलाच द्यावा लागेल. पाली तर रोजच्या. मुंग्या, झुरळं, पोरांनी फटीतून सरकवलेल्या गोट्या. एका घरच्या टीव्हीत उंदरीण व्याली होती आणि घरची बाई मला म्हणाली, भाऊ, पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत राहू द्या. राहू दिलं. तोपर्यंत त्या घरानं बातम्या पाहिल्या नाहीत आणि त्यांचं काही अडलंही नाही.

धाडच्या एसटी स्टँडसमोर माझं दुकान होतं. पाटीवर भारदस्त इंग्रजी नाव रंगवून घेतलं होतं, पण ते वाचलं कोणीच नाही. सगळे म्हणायचे सुभाष मेकॅनिक. माझा स्वभाव तिरसट. "काल तर चांगला चालू होता" असं कोणी म्हटलं की मी खेकसायचो, बिघडायच्या आधी सगळेच चालू असतात. तरी लोक यायचे, कारण मी बिघाड बोटानं दाखवायचो. हा पहा कंडेन्सर, फुगला आहे. हा पहा टाका, सुटला आहे. गिऱ्हाईक वाकून पाहायचं, मान हलवायचं. त्याला काही कळायचं नाही, पण आपल्या टीव्हीला खरंच काहीतरी झालं होतं एवढी त्याची खात्री पटायची.

मग स्मार्ट टीव्ही आले आणि माझं बोट रिकामं झालं. त्यात पडद्यामागं तळहाताएवढा एक बोर्ड असतो, बोर्डावर चिप आणि चिपमध्ये सॉफ्टवेअर. सॉफ्टवेअर म्हणजे टीव्हीनं कधी काय करायचं याच्या सूचना, कोणीतरी आधीच लिहून ठेवलेल्या. बिघाड त्या सूचनांमध्येच असला तर दाखवू काय? बंद करा आणि पुन्हा चालू करा, एवढंच सांगता येतं. बहुतेक वेळा तो चालूही होतो. का झाला, ते मला विचारू नका.

आमच्याकडच्या एका रिटायर्ड तलाठीबुवांनी नवा टीव्ही घेतला आणि तो तसाच न वापरता ठेवून दिला. मी गेलो तर पडद्यावर करार मान्य आहे का, असं विचारलेलं आणि खाली हो-नाहीची बटणं. बुवा हो दाबायला तयार नाहीत. म्हणाले, "मी जन्मभर लोकायचे अंगठे घेतले. न वाचता अंगठा दिल्यावर काय होते ते मले सांगू नका." मी पान सरकवत गेलो, संपेचना. शेवटी वैतागून मीच बटण दाबलं, तेव्हा बुवांनी बायकोला साक्षीला बोलावून सांगितलं की हे मेकॅनिकच्या जबाबदारीवर झालं आहे. पुढं कधीही भेटले की चौकशी करायचे, त्या कराराचं काही आलं का म्हणून. मी हसायचो. ते पान मी तेव्हाच नीट वाचलं असतं तर पुढची निम्मी फजिती वाचली असती.

ती फजिती रज्जाकचाचांच्या नसरीनच्या टीव्हीची.

रज्जाकचाचा आमच्या आठवडी बाजारात भांड्यांवर नावं टाकायचे. भांडेवाल्यांच्या ओळीच्या टोकाला त्यांची सतरंजी. आधी छिन्नी आणि हातोडी, नंतर थरथरणारं विजेचं मशीन. लग्नाचं भांडं असलं की देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव आणि तारीख. ताटावर, गुंडावर, डब्यावर बारीक ठिपक्याठिपक्यांची अक्षरं उमटत जायची. मराठी, उर्दू, म्हणाल ते. चाचा शाळेत गेलेले नव्हते. अक्षरं डोक्यापेक्षा हातालाच पाठ होती. नाव आणि तारीख यापलीकडं त्यांना लिहिता येत नसे. साधी चिठ्ठी लिहायची झाली तरी नसरीनला हाक जायची. आई लवकर गेलेली ही एकुलती पोर लहानपणापासून बाजाराच्या दिवशी त्यांच्याजवळ बसून भांडी घट्ट धरायची, हलू नयेत म्हणून.

तिचं लग्न संग्रामपूरला ठरलं. सासरा मुनाफसेठ भुसार मालाचा व्यापारी, नवरा जावेद भला पोरगा, बापापुढं आवाज न निघणारा. चाचांनी टीव्ही द्यायचं मनात घेतलं आणि मला बुलढाण्याला सोबत नेलं. टीव्ही निवडला मी. घरी न्यायच्या आधी माझ्या दुकानात लावून पाहायला लावला, तोही मीच. ही माझी पद्धतच होती. लग्नात द्यायची वस्तू आधी उघडून, चालवून पाहायची. नव्या मालातही खराब नग निघतो आणि मग मांडवात बापाला तोंड लपवायला जागा उरत नाही. दिवसभर टीव्ही चालवला, झकास चालला. पुन्हा खोक्यात घालून वरून रुंद चिकटपट्टी मारली. चाचांनी सगळ्या भांड्यांवर नसरीनचं नाव टाकलं होतं. टीव्हीवर कोण टाकतं? तो तसाच गेला.

लग्नानंतरच्या पहिल्या ईदेला नसरीन माहेरी आली. रीतीप्रमाणे सासरच्यांनी येऊन तिला घेऊन जायचं. ईद झाली, पाहुणे गेले, तिला न्यायला कोणी आलं नाही. जावेदचा फोन यायचा आणि तो हवापाण्याचं बोलायचा. गल्लीतल्या बायका विचारायला लागल्या. नसरीन काही बोलेना आणि चाचांना जेवण जाईना.

एका बाजाराच्या दिवशी चाचा माझ्या दुकानात आले. भर बाजारात त्यांनी सतरंजी सोडलेली मी कधी पाहिली नव्हती. बसा म्हटलं तर बसले नाहीत. "सुभाषभाऊ," म्हणाले, "टीव्ही जुना निंघाला."

"कोण म्हणते?"

"टीव्हीच म्हणते."

झालं होतं असं. आवाज बारीक येतो म्हणून जावेद सेटिंगमध्ये शिरला आणि भटकत भटकत कायद्याबियद्याच्या एका पानावर पोचला. तिथं नावंच नावं. इंग्रजांची, चिन्यांची, कुठं एखादं आपल्याकडचं. नावासमोर साल, आणि काही सालं तर जावेदच्या जन्माआधीची. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, की कसलीही वॉरंटी नाही. त्यानं भाबडेपणानं ते बापाला दाखवलं. मुनाफसेठनं खोकं मागवलं. खोक्यावर कंपनीची पट्टी कापलेली आणि वरून दुसरी मारलेली. पोरीच्या बापानं लोकांनी वापरून टाकलेला टीव्ही आपल्या घरात घातला, असं त्यांचं ठरलं. आपला टीव्ही घेऊन जा, मग पोरीचं पाहू, असा निरोप आला होता.

मुनाफसेठला मी मनातल्या मनात शिव्या घातल्या, पण खरं सांगायचं तर त्यांच्या जागी मी असतो तर मलाही तेच वाटलं असतं. आमच्याकडं वस्तूवर नाव आणि साल असलं की दुसरा अर्थच नसतो. अमक्याची वस्तू, अमक्या साली मिळालेली. आणि चाचांचा तर जन्म त्यात गेलेला. ते मला समजावत होते, "नाव उगीच नसते भाऊ. कोणी टाकल्याशिवाय ते येते कुठून?"

मी दुकानातला माझा टीव्ही लावला, तसाच आत शिरलो आणि ते पान काढलं. तीच नावं. दुरुस्तीला आलेला एक दुसऱ्या कंपनीचा टीव्ही होता, त्यातही पुष्कळशी तीच. आता चाचांना धीर येईल म्हणून मी त्यांच्याकडं पाहिलं, तर त्यांचा चेहरा आणखी उतरलेला. म्हणाले, "म्हणजे सारेच जुने विकून राह्यले."

कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. तिथली मुलगी गोड बोलून म्हणाली, टीव्ही रिसेट करा. माझ्या टीव्हीवर करून पाहिलं. माझे सगळे चॅनल गेले, नावं तिथंच. मग मी तिला एकेक नाव वाचून दाखवायला लागलो, तेव्हा तिनं मला गाणं ऐकवत ठेवलं आणि शेवटी एका साहेबाला जोडून दिलं. साहेब म्हणाला, सर, ते ओपन सोर्स आहे, म्हणजे फ्री आहे. मी म्हटलं, टीव्ही तर फ्री नव्हता. तो म्हणाला, टीव्ही फ्री नाही सर, आतलं फ्री आहे. मी म्हटलं, आतलं काढलं तर बाहेर उरतं काय? त्यानं फोन ठेवला. मीही असतो तर ठेवला असता.

मग मीच लागलो मागे. फोनचा कॅमेरा पडद्यासमोर धरला की इंग्रजीचं मराठी होतं, असं काहीतरी त्यात असतं. ते मराठी वाचून माझं होतं ते डोकंही फिरलं. पण रोज थोडं थोडं वाचत गेलो, तेव्हा धूसर असं काहीतरी दिसायला लागलं. टीव्हीतल्या सगळ्याच सूचना कंपनीनं लिहिलेल्या नसतात. चित्र कसं उलगडायचं ते कोणी एकानं लिहिलं, अक्षरं कशी दाखवायची ते दुसऱ्यानं, घड्याळ कसं लावायचं ते तिसऱ्यानं. लिहिलं आणि जगासमोर ठेवून दिलं. कोणीही घ्या, वापरा, हवं तर बदला. आमचं नाव मात्र खोडू नका. काहींची आणखी एक अट, की तुम्ही त्यात सुधारणा करून पुढं दिलंत तर ती सुधारणाही लोकांना मोकळी करा. आणि फुकट दिलंय, तेव्हा बिघडलं तर आमच्या दारात येऊ नका. वॉरंटी नाही ते हे. टीव्हीची वॉरंटी कंपनीची, ती कार्डावर होतीच.

हे सगळं वाचून माझा गोंधळ कमी व्हायला हवा होता. तो वाढला. हे लोक कोण? कशासाठी लिहितात? कुठल्या देशातल्या कोण्या माणसानं चित्र उलगडायची रीत लिहिली, त्याला ठाऊक आहे का, की धाडला त्याच्या नावापायी एक पोरगी माहेरी बसली आहे? आत एक ओळ अशीही होती, की मागेल त्याला हे सारं लिखाण मिळेल. मी हट्टानं कंपनीला मागितलं आणि आश्चर्य म्हणजे त्यांनी पाठवलं. फाइल उतरवता उतरवता फोन तापून लाल झाला. उघडलं तर आत नुसती अक्षरं, कंस आणि टिंबं. मागितलं ते मिळालं आणि हातात काहीच आलं नाही.

घरी सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, म्हटलं, एवढं कष्टानं लिहायचं आणि फुकट कोणी काऊन देते? ती तांदूळ निवडत म्हणाली, "तुम्ही गावाचे रिमोट फुकट दुरुस्त करून राह्यले, ते काऊन?" मी म्हटलं ते वेगळं. काय वेगळं ते काही मला सांगता आलं नाही.

चाचांना मी हे सगळं तीन-चारदा सांगितलं. ते मान हलवायचे आणि शेवटी विचारायचे, पण मग नाव काऊन? नसरीन एकदा मागं उभी राहून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी ती एकटी दुकानात आली आणि म्हणाली, "काका, आपण संग्रामपूरले जाऊ. तुम्ही, अब्बा अन् मी." चाचा ऐकेनात. न्यायला आल्याशिवाय पोरगी आपल्या पायानं गेली तर इज्जत काय राहील, म्हणाले. तिनं शांतपणे सांगितलं, "मले न्यायला कोणी येत नाही ना? मग मी टीव्ही पाह्यला जाते."

निघालो. धाडहून बुलढाणा, बुलढाण्याहून खामगाव, तिथून संग्रामपूर. चाचांनी मांडीवर मशीनची पिशवी धरलेली. मशीन घरी ठेवून ते कुठंच जात नसत. मी वाटभर मनात भाषण जुळवत होतो. समोर सातपुडा दिसायला लागला तोवर ते जुळून तयार झालं आणि मुनाफसेठच्या दारात चपला काढताना सगळं विसरलो.

मुनाफसेठ आवाज न चढवणारा माणूस. अशा माणसाशी भांडता येत नाही. त्यांनी बसवलं, सरबत दिलं, खुशाली विचारली. टीव्हीवर चादर टाकलेली होती. नसरीन सलाम करून सरळ आत गेली. सासूनं तिला पाणी दिलं, बोलली काही नाही. घरात त्यांची आपसात उर्दू चालते, पण माझ्यामुळं बोलणं वऱ्हाडीत झालं.

मी सुरुवात केली आणि दोन वाक्यांत अडकलो. फुकट आहे म्हटलं तर टीव्ही फुकटचा वाटतो. लोकांनी लिहिलेलं आहे म्हटलं तर लोकांचा वाटतो. मुनाफसेठनं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मेकॅनिकसाहेब, मी ज्वारी विकतो. पोत्यावर दुसऱ्याचा मार्का असला तर माल दुसऱ्याचा. मले एवढंच समजते."

खोक्याचं विचारलं तेव्हा मी छातीठोक सांगितलं, ते मीच उघडलं होतं, तपासायला. ते म्हणाले, नव्या वस्तूला तपासतात काय? शेजारचे एक गुरुजी गंमत पाहायला आले होते. मी म्हटलं, चला, यांचा टीव्ही पाहू. सगळे तिकडं गेलो, मी पान काढून दाखवलं. तीच नावं. आता पटलं ना, असं मी म्हणणार तोच गुरुजी भडकले. म्हणजे आपल्यालाही दुकानदारानं जुनाच गळ्यात मारला काय? त्यांनी उभ्याउभ्या दुकानदाराला फोन लावला आणि ओरडायला लागले. मी एक भांडण मिटवायला गेलो आणि दोन करून परत आलो. चाचा खाली मान घालून बसले होते. मला इतकी लाज वाटली की तसाच उठून एसटी धरावी.

तेवढ्यात नसरीन आतल्या दारात आली. सासऱ्यासमोर एवढी ती कधी बोलली नसावी, कारण जावेद तिच्याकडं घाबरून पाहत होता.

"अब्बाजी," ती म्हणाली, "माह्या लग्नाच्या वलीम्याची बिर्याणी कोणत्या देगीत शिजली?"

मुनाफसेठ म्हणाले, "जमातीच्या."

"तिच्यावर नाव कोणाचं होतं?"

ते मग म्हणाले, "वालिदसाहेबायचं, माह्या वडलायचं. मीच देली ती देग, त्यायच्या नावानं."

"नाव हाय, तारीख बी हाय. मी पाह्यली, तारीख माह्या जन्माच्या आधीची हाय. मग ती बिर्याणी जुनी होती काय?"

ती पुढं म्हणाली, "त्या देगीत दरसाल कोणाचं न कोणाचं लग्न शिजते. ज्याच्या घरी जाते त्याले तुमचे वालिदसाहेब माहीत बी नसतात. कल्हई लावली तर देगीसंगं परत येते, कोणी खरवडून ठेवत नाही. अन् नाव कोणी खोडत नाही. हे लोक तसेच हायेत. त्यायनं देग देली. बिर्याणी नवीच हाय."

मी तिच्याकडं पाहतच राहिलो. आमच्या विहारात माझ्या आईच्या नावाचं मोठं पातेलं आहे. मीच दिलेलं, आणि त्यावरची अक्षरं चाचांच्याच हातची. बुद्धजयंतीला त्यात खीर शिजते आणि खाणाऱ्यांतल्या निम्म्यांनी माझी आई पाहिलेली नाही. इतके दिवस इंग्रजी वाचून डोळे फोडले आणि हे मला सुचलं नाही. चाचांनाही नाही. जमातीच्या किती देगींवर त्यांनी नावं टाकली असतील. आम्ही दोघंही मालक शोधत बसलो होतो.

मुनाफसेठनं टीव्हीवरच्या चादरीचं टोक सारखं केलं. मग त्यांनी मला विचारलं, "देग तर आपण घासून वापस देतो. हे लोकायले वापस काय देतात?" ते मला अजूनही ठाऊक नाही.

"मले समजलं असं मी म्हणत नाही," ते म्हणाले. "पण वालिदसाहेबायच्या देगीची गोष्ट हाय, तिच्यापुढं मी बोलू शकत नाही." मग जरा नरमाईनं, चाचांकडं पाहत म्हणाले, "एक हाय. साऱ्या भांड्यावर पोरीचं नाव हाय. याच्यावर काऊन नाही?"

चाचांनी पिशवीतून मशीन काढलं.

टीव्हीच्या पडद्यामागं ते थरथरणारं मशीन लावायचं म्हणजे पडदा गेलाच समजा. मी ओरडलो, थांबा, आणि टीव्ही गादीवर पालथा घालून मागचं झाकण सोडवलं. पत्र्याचंच होतं, चाचांच्या रोजच्या कामाचं. ते झाकण घेऊन ते ओसरीत बसले आणि नसरीन सवयीनं समोर बसून दोन्ही हातांनी ते घट्ट धरायला लागली. पुढचं मला पाहता आलं नाही, कारण गुरुजी मला ओढून घेऊन गेले. त्यांच्या दुकानदाराला फोनवर देगीची गोष्ट सांगायची होती. तो दुकानदार मला वेडा समजला असणार.

परत आलो तोवर जावेदनं झाकण जागेवर बसवून हातानं दाबून धरलं होतं. मी फक्त स्क्रू पिळले. बाहेरच्या बाजूला कोपऱ्यात ठिपक्यांचं सुरेख नाव होतं, नसरीन. टीव्ही लावला, चालला. सासूनं चादर घडी करून आत नेली आणि नसरीनला विचारलं, भाजीला काय करायचं. पोरगी तिथंच राहिली.

आम्ही दोघं परत निघालो. खामगाव येईस्तोवर चाचा खिडकीबाहेर तोंड करून रडत होते. मला फार आनंद झाला होता आणि नेमकं काय झालं ते मला सांगता आलं नसतं.

पुढं मी दुकान बंद केलं. आता टीव्हीत दुरुस्त करण्यासारखं राहिलं नाही. बोर्ड गेला की बोर्ड बदला, आणि बोर्ड मिळाला नाही की टीव्ही बदला. त्याला मेकॅनिक कशाला, हमाल पुरतो. वाईट वाटतं. टाका मारताना राळेचा धूर नाकात जायचा, तो अजून आठवतो. इतके टीव्ही उघडले, बंद केले, आणि मी हात लावला होता याची खूण एकावरही नाही. आपलं काम चांगलं झालं की ते दिसूच नये, असा हा धंदा.

मागच्या पावसाळ्यात वीज पडून नसरीनचा टीव्ही बंद पडला. जावेद तो गाडीत घालून धाडला घेऊन आला. दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचा नाही, असं तिनं बजावलं होतं म्हणे. मी घरातच पलंगावर गादी टाकली, चष्मा चढवला, झाकण काढून उलटं ठेवलं आणि बोर्ड पाहायला वाकलो. बोर्डाच्या आधी नजर झाकणाकडं गेली. पत्र्याच्या आतल्या बाजूला, मेकॅनिकशिवाय कोणाला दिसणार नाही अशा जागी, ठिपक्यांची अक्षरं होती. सुभाष मेकॅनिक, धाड. खाली त्या संग्रामपूरच्या दिवसाची तारीख.

सुनंदानं विचारलं, सापडला काय बिघाड? मी तिला हातानंच थांबवलं.

संध्याकाळी चाचांकडं गेलो. आता त्यांचा हात थरथरतो, मशीन त्यांनी ठेवून दिलं आहे. म्हटलं, "चाचा, टीव्ही तर नसरीनचा. त्यात माझं नाव काऊन टाकलं?"

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसा काही मीच अडाणी. "तुम्ही माह्या पोरीपायी एवढे फिरले," ते म्हणाले. "ते मी कुठं लिहू? मले दुसरं लिहिता येते कुठं?"

घरी येऊन दोन फ्यूज आणि एक जळालेला कंडेन्सर बदलला. जावेदला बोटानं दाखवला आणि त्यानं मान हलवली. टीव्ही चालू झाला. झाकण लावताना ती अक्षरं पुन्हा एकदा बोटानं चाचपली आणि मग स्क्रू पिळले. आता कधीतरी पुढचा कोणी मेकॅनिक ते उघडेल, नाव वाचेल, साल पाहील आणि नसरीनला सांगेल, बाई, तुम्हाला कोणीतरी फसवलं, हा टीव्ही आधी धाडच्या कोण्या सुभाषचा होता.